क्रिएटिनीन किती ते ठाऊक आहे, पुढचं कोण सांगणार?

विदर्भातल्या कुठल्याही गावात किडनीच्या जुन्या आजाराच्या माणसाला त्याचं रक्तातलं क्रिएटिनीन विचारून बघा. 'दोन पॉइंट आठ' असं दशांशासकट उत्तर येतं. मागच्या खेपेला किती होतं, त्याआधी किती होतं, तेही येतं. अक्षरओळख नसलेल्या आजीलासुद्धा हा आकडा पाठ असतो. मग विचारा, किडनी किती टक्के काम करते? आजार शुगरमुळे झाला की बीपीमुळे? यातली कोणती गोळी किडनीसाठी आहे? पुढची तपासणी कधी आणि कशाची? इथे आजी पोराकडे बघते आणि पोरगा फाइलकडे.

रुग्णाला आकडा मिळतो, अर्थ मिळत नाही. या आजारात ज्या वर्षांत काही करता येतं, त्या वर्षांत काहीच दुखत नाही. अर्थ कळला नसेल तर ती वर्षं गोळ्या बंद-चालू करण्यात, दुखण्याच्या इंजेक्शनांत आणि काढ्यांत निघून जातात. माणूस दम लागून मोठ्या दवाखान्यात पोचतो तेव्हा तिथे फक्त डायलिसिसची चर्चा उरलेली असते.

एकच आकडा, दोन माणसं

क्रिएटिनीन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. तिचं काम मंदावलं की तो रक्तात साचतो. लॅबच्या कागदावर ०.६ ते १.२, कुठे १.४ पर्यंत नॉर्मल असं छापलेलं असतं आणि गफलत तिथूनच सुरू होते. ३० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनीन १.४ असेल तर त्याच्या किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ६९ च्या आसपास निघते. ६० वर्षांच्या बाईचं तेच १.४ असेल तर ईजीएफआर ४३. म्हणजे तिसरा टप्पा, आणि त्यातलाही पुढचा अर्धा. रिपोर्टवर आकडा ठळक छापला नाही म्हणून तिला 'काही नाही, नॉर्मल आहे' म्हणून परत पाठवलं जातं. चाळीस-बेचाळीस किलो वजनाच्या शेतमजूर बाईच्या अंगात स्नायूच कमी असतात, त्यामुळे तिचं क्रिएटिनीन उशिरा चढतं. म्हणून रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला नसेल तर तो मागून घ्यावा. वय, स्त्री की पुरुष आणि क्रिएटिनीन एवढ्यावर तो मोबाइलवर निघतो.

ईजीएफआर ९० च्या वर असेल तर पहिला टप्पा, ६० ते ८९ दुसरा, ३० ते ५९ तिसरा, १५ ते २९ चौथा आणि १५ च्या खाली पाचवा. पहिले दोन टप्पे तेव्हाच आजार म्हणून धरायचे, जेव्हा लघवीतून प्रोटीन जातं किंवा दुसरा काही दोष दिसतो. आणि दोष तीन महिन्यांहून जास्त टिकला तरच आजार जुना म्हणायचा. हगवणीत अंगातलं पाणी गेलं म्हणून एकदा वाढलेलं क्रिएटिनीन हा वेगळा प्रकार, तो बहुतेक वेळा भरून निघतो.

आकडा सरळ रेषेत चालत नाही, हे तर जवळपास कुणालाच सांगितलेलं नसतं. साठीतल्या पुरुषाचं क्रिएटिनीन १ वरून २ झालं तर ईजीएफआर ८६ वरून ३७ च्या घरात येतो. ४ वरून ५ झालं तर १६ वरून १२ वर. म्हणजे पहिल्या एका अंकात अर्ध्याहून जास्त काम गेलं आणि नंतरच्या एका अंकात जेमतेम चार गेले. लोकांची काळजी नेमकी उलटी चालते. दोन झालं तेव्हा 'थोडंसं वाढलं' म्हणून सोडून देतात आणि पाच झालं की शेत विकायला काढतात.

दोनपर्यंत जाऊनही माणसाला काही जाणवत का नाही? कापूस वेचायला दहा बाया लावल्या, पाच जणी मधूनच गेल्या आणि उरलेल्या पाच जणींनी जीव तोडून वेचलं, तर संध्याकाळी काट्यावर वजन फारसं कमी भरत नाही. मालकाला पत्ता लागत नाही. एकेका किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. निम्म्या गेल्या तरी उरलेल्या जास्तीचं काम ओढतात आणि त्या ओढीनंच लवकर झिजतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या या उरलेल्या गाळण्यांवरचा दाब कमी करतात. बीपी उतरणं हे त्यांचं अर्धं काम, दुसरं अर्धं हे. एवढं समजलं की 'बीपी नॉर्मल आली, मंग गोयी काहून घ्याची?' या प्रश्नाचं उत्तर रुग्ण स्वतःच देतो.

रुग्णाची थैली उघडली की आत काय असतं? तीन-चार सोनोग्राफ्या, दोन ईसीजी, डझनभर शुगरचे कागद, क्रिएटिनीन-युरिया. लघवीतल्या प्रोटीनची मोजणी मात्र बहुधा नसते. सकाळच्या लघवीचा अल्ब्युमिन-क्रिएटिनीन रेशो ही स्वस्त तपासणी आहे. तो ३० च्या आत असावा. ३० ते ३०० म्हणजे किडनी गळायला लागली, ३०० च्या वर म्हणजे जोरात गळते आहे. शुगरच्या रुग्णात क्रिएटिनीन वाढण्याच्या कितीतरी वर्षं आधी हा आकडा बोलू लागतो. ती सोय नसेल तर लघवीत बुडवायची पट्टी तरी करावी. लघवीला टिकणारा दाट फेस येत असेल तर ते सांगण्यासारखं लक्षण आहे.

सोनोग्राफीच्या कागदावर 'ग्रेड २' लिहिलेलं असतं आणि लोक त्याला आजाराचा दुसरा टप्पा समजतात. सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे पडद्यावर किडनी किती पांढरट दिसते ते. टप्पा ईजीएफआरवरून ठरतो. ग्रेड १ असून ईजीएफआर २५ असू शकतो. उपयोगाचा आकडा आहे तो लांबीचा. मोठ्या माणसाची किडनी ९ ते ११ सेंटीमीटर असते. दोन्ही ८ च्या आसपास आकसल्या असतील तर आजार जुना आहे. शुगरच्या आजारात मात्र आकार नॉर्मल राहूनही काम गेलेलं असतं. आणि साधी गाठ किंवा बारीक खडा दिसला म्हणजे किडनी खराब झाली असंही नाही.

'लघवी तं साफ होते, मंग किडनी कशी खराब?'

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर हसून टाळू नये. लघवीचं पाणी शेवटपर्यंत बाहेर पडत राहतं, त्यातून जायला हवी ती घाण जात नाही. उलट सुरुवातीला लघवी घट्ट करण्याची ताकद जाते, म्हणून रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि माणसाला वाटतं लघवी भरपूर होते म्हणजे किडनी धडधाकट. लघवी कमी होणं हे खूप उशिराचं लक्षण. त्याआधी सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खड्डा, अंगाला खाज, तोंडाला वेगळीच चव, सकाळी मळमळ आणि जेवणावरची वासना उडणं येतं. हीसुद्धा बहुधा ईजीएफआर २०-१५ च्या खाली आल्यावर. त्यामुळे लक्षणं आली की तपासू, हा हिशोब या आजारात चुकतो. बीपी, शुगर, घरात कुणाला किडनीचा आजार, वारंवार खडे, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), यांपैकी काही असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनीन आणि लघवी तपासायची, तब्येत कितीही ठणठणीत असली तरी.

पाण्याचा गोंधळ तर घरोघरी आहे. 'किडनीचा आजार म्हणजे भरपूर पाणी प्या' हा सल्ला मुतखड्याचा. तो शेजारच्या खडेवाल्याकडून सुजलेल्या माणसापर्यंत पोचतो आणि दिवसाला चार लिटर पाणी पिऊन माणूस दम लागून भरती होतो. याउलट दुसरा कुणी डायलिसिसवाल्याचं ऐकून मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, वावरात काम करूनही दोन ग्लासांवर राहतो आणि उरलीसुरली किडनी सुकवतो. खरं उत्तर टप्प्यावर आणि सुजेवर ठरतं. सूज नाही, लघवी चांगली आहे, तर तहानेप्रमाणे प्यावं आणि उन्हात काम असेल तर जास्त. सूज आहे किंवा लघवी घटली आहे, तर मोजून.

किडनी कुठे मार खाते

निंदण, वेचणी, ओझी. कंबर-गुडघे दुखणार आणि मेडिकलमधून दहा रुपयांच्या दोन गोळ्या येणार. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड ही नावं किडनीच्या प्रत्येक रुग्णाच्या घरात भिंतीवर लिहून ठेवावीत. फसगत होते ती जोडगोळीत. पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिलेलं दिसतं, म्हणून घेतली. खाली बारीक अक्षरात अ‍ॅसिक्लोफेनॅकही असतं. पाकिटावर फक्त एकच नाव हवं. ताप-अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५० ची एक, दिवसातून तीनच्या वर नको. चार दिवसांत उतरलं नाही तर दवाखाना.

या गोळ्या वाईट का? किडनीकडे रक्त नेणारी बारीक नळी त्या आवळतात. टेल्मिसार्टनसारखी गोळी बाहेर जाणारी नळी सैल करते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा उलटी-जुलाबानं अंग कोरडं पडलं असेल तर गाळणीतला दाबच पडतो. तिन्ही एकत्र आलं की दोन दिवसांत क्रिएटिनीन २ चं ६ होऊ शकतं. यातली टेल्मिसार्टन नीट देखरेखीखाली किडनी वाचवते, दुखण्याची गोळी नाही. गावात मात्र टेल्मिसार्टनलाच दोष देऊन ती बंद केली जाते, डायक्लोफेनॅक चालू राहतं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम परत तपासायचं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, म्हणजे १.५ चं १.९, ही अपेक्षित असते. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना गाठायचं. ही एक ओळ आधी सांगितली असती तर कितीतरी रुग्णांची गोळी सुटली नसती.

उलटी, जुलाब, तापात जेवण बंद, अशा दिवसांसाठीचा नियम डॉक्टरांकडून आधीच वहीवर लिहून घ्यावा. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या, टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल आणि लघवीची गोळी या त्या दिवसांत थांबवायच्या असतात आणि खाणं-पिणं सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा चालू करायच्या असतात. इन्सुलिन मनानं पूर्ण बंद करायचं नाही. थांबवलेल्या गोळ्या परत सुरू करायच्याच राहून जातात, तिकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं.

'कमजोरी आली, सलाईन लावा.' नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. दोन बाटल्या म्हणजे नऊ ग्रॅम. दिवसाची मर्यादा पाच. म्हणजे सुजलेल्या माणसाच्या थेट रक्तात पावणेदोन दिवसांचं मीठ. वरून हाताच्या शिरा खराब होतात, ज्या पुढे फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला हातातली शीर धमनीला जोडण्यासाठी, लागणार असतात. किडनीच्या रुग्णाची कमजोरी बहुधा रक्त कमी असल्यानं येते, कारण रक्त बनवायचा इशारा देणारं द्रव्य किडनीच तयार करते. त्यावर लोह आणि एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे त्याच द्रव्याचं, इंजेक्शन आहे, सलाईन नाही. पुढे किडनी बसवायचा विचार असेल तर रक्ताची बाटलीही शक्यतो टाळतात, कारण तिच्यामुळे अंगात विरोधी द्रव्यं तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

जडीबुटी आणि भस्माच्या पुड्यांबद्दल एकच सांगतो. 'अमक्याचं क्रिएटिनीन सहाचं अडीच झालं' ही गोष्ट बहुतेकदा खरी असते. उलटी-जुलाबानं चढलेलं क्रिएटिनीन पाणी भरून निघाल्यावर उतरतंच. वजन दहा किलोनं घटलं तर स्नायू कमी झाल्यानंही उतरतं. डायलिसिसनंतर काढलेलं रक्त तर कमी दाखवणारच. त्या उतरलेल्या आकड्याचं श्रेय ज्याची पुडी त्या आठवड्यात चालू होती त्याला जातं. शिसं-पारा असलेली भस्मं किडनीला थेट इजा करतात.

शुगरच्या रुग्णाला आणखी एक फसवा आनंद होतो. वर्षानुवर्षं न आटोपलेली शुगर अचानक नॉर्मल यायला लागते, इन्सुलिन कमी लागतं. शुगर बरी झाली म्हणून पेढे वाटले जातात. निकामी होत चाललेली किडनी इन्सुलिन बाहेर टाकू शकत नाही, ते अंगात रेंगाळतं, म्हणून हे होतं. अशा वेळी ग्लिबेनक्लामाइड ही शुगरची जुनी गोळी चालू राहिली तर पहाटे माणूस घामाघूम, बेशुद्ध सापडतो. शुगर कारण नसताना उतरली तर त्याच आठवड्यात क्रिएटिनीन तपासायचं. मेटफॉर्मिनचा डोसही ईजीएफआर ४५ च्या खाली कमी करायचा आणि ३० च्या खाली बंद करायचा असतो.

सिकलसेलची घरं विदर्भात बरीच आहेत. या रुग्णांना दुखण्याच्या झटक्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन सर्रास मिळतं, आणि त्यांची किडनी आधीच या आजारानं पोळलेली असते. त्यांचं क्रिएटिनीन फसवं कमी दिसतं. तरुण सिकलसेल रुग्णात ०.९ बघूनही निश्चिंत होऊ नये, लघवीतलं प्रोटीन बघावं.

खारपाणपट्ट्याचं काय? अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत प्रत्येक किडनीच्या रुग्णाचं कारण पाणी असंच धरलं जातं. विहिरी-बोअरचं पाणी खारं आहे, त्यातून मीठ पोटात जातं आणि बीपीला ते वाईट, हे खरंच. पण खारं पाणी एवढं एकच कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. ऊन, दुखण्याच्या गोळ्या, फवारणी, न तपासलेली बीपी असं बरंच काही त्याच माणसाच्या वाट्याला असतं. पाणी बदललं म्हणून निर्धास्त होणं हा तोटा. आरओचा कॅन घरी आला आणि बीपीची गोळी सुटली, अशानं काही वाचत नाही. गोडं पाणी मिळवाच, आणि बीपी १३० / ८० च्या आतही ठेवा.

ताटात काय

मीठ कमी करा, असं सांगून काही होत नाही. प्रत्येक घर म्हणतं, आमच्याकडे कमीच लागतं. पुड्याचा हिशोब करा. माणशी दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. पाच माणसांचं घर असेल तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ४० दिवस पुरायला हवा. तो वीस दिवसांत संपत असेल तर माणशी दहा ग्रॅम चाललं आहे. ढोरांना घातलेलं आणि लोणच्या-पापडांत गेलेलं वेगळं धरा. हा हिशोब स्वयंपाक करणारीला सांगायचा, रुग्णाला नाही. वेगळी भाजी शिजवण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांचं मीठ उतरवणं सोपं, आणि बीपी एकट्याचीच असते असंही नाही. ठेचा, लोणचं, पापड, सांडगे, कुरड्या, फरसाण, खारे शेंगदाणे यांतलं मीठ ताटात वरून घेतलेल्या चिमटीपेक्षा कितीतरी जास्त. सैंधव चालतं असं समजून उपवासाला मोकळा हात सुटतो. सैंधवही सोडियमचंच मीठ आहे. आणि 'लो सोडियम' लिहिलेलं मीठ तर आणखी धोक्याचं, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम भरलेलं असतं.

दाळ बंद करू नका. 'डॉक्टरनं दाय बंद केली' हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण त्यामागून अशक्तपणा, सूज आणि घटतं वजन येतं. डायलिसिस लागलेलं नाही अशा रुग्णाला किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन हवंच, म्हणजे ५० किलोला ४० ग्रॅम. ज्वारीच्या तीन मध्यम भाकरींत साधारण २० ग्रॅम, घट्ट वरणाच्या दोन वाट्यांत १३, दीडशे मिली दुधात पाच. बेरीज ३८. आपल्या खेड्यातलं साधं जेवण मर्यादेच्या आतच आहे, काढून टाकण्यासारखं त्यात काही नाही. बंद करायचे ते प्रोटीनचे डबे आणि रोजचं भरपेट मटण. डायलिसिस सुरू झालं की गरज उलटी वाढते, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. तेव्हा अंडी, मासे, दाळ जास्त हवी. जुना पथ्याचा कागद मात्र भिंतीवर तसाच राहतो.

फळांचंही तेच. पोटॅशियम नॉर्मल असेल तर संत्री बंद करायचं कारण नाही. ५.५ च्या वर असेल तर संत्र्या-मोसंबीचा रस, नारळपाणी, केळी, चिकू, सुकामेवा, टोमॅटो-पालक यांना आवर घालायचा. बटाटा, भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं. सफरचंद, दुधी, दोडका, कोबी चालतात. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. ते घरच्यांनी पिऊन टाकावं. जळजळीसाठी मेडिकलमधून मिळणाऱ्या सिरपमध्येही पोटॅशियम सायट्रेट असू शकतं, बाटली वाचून घ्या. वाढलेलं पोटॅशियम दुखत नाही, ते थेट हृदय थांबवतं.

आणि खर्रा. पथ्याच्या कागदावर तो नसतो म्हणून विचारलाही जात नाही. तंबाखू किडनीच्या नळ्यांना मारते, तिला सूट नाही.

मशीन

'एकदा मशीनवर घेतलं का मंग सुटका नाई.' डायलिसिसची सवय लागते, हा समज इतका खोल आहे की लोक फिस्टुला करायलाही तयार होत नाहीत. साप चावल्यानं, घोणसच्या विषानं, जुलाबानं अचानक बंद पडलेली किडनी डायलिसिसच्या आधारानं बरेचदा परत उठते आणि मशीन सुटतं. जुन्या आजारात मशीन सुटत नाही, कारण किडनी उरलेली नसते. यात मशीनचा दोष काही नाही.

निरोगी किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, म्हणजे १२ तास. ७०-८० किलोमीटर जाऊन-येऊन दोनच वेळा जमवणारे खूप आहेत. पोळा, लग्न, वेचणी म्हणून एक खेप चुकली की मधल्या लांब खंडात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही चढतं आणि रात्री दोन वाजता गाडी शोधावी लागते. जाण्या-येण्यासाठी डायलिसिसच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसमध्ये सवलत आहे, त्याचं प्रमाणपत्र दवाखान्यातून घ्यावं.

पाण्याचा हिशोब असा. चोवीस तासांची लघवी बाटलीत मोजा, त्यात ५०० मिली मिळवा. लघवी ३०० झाली तर दिवसाला ८००. सकाळी ८०० मिली पाणी दुसऱ्या बाटलीत भरून ठेवायचं. चहा घेतला की तेवढं बाटलीतून ओतून द्यायचं, ताक, वरणाचं पाणी, बर्फ, गोळीबरोबरचा घोट सगळं त्यातच. एक किलो वजन वाढलं म्हणजे एक लिटर पाणी अंगात राहिलं. ५० किलोच्या माणसाचं दोन खेपांमध्ये दोन किलोच्या वर वाढू नये. तहान फार लागत असेल तर पाण्याशी भांडू नका, मीठ बघा.

फिस्टुला ईजीएफआर १५-२० कडे उतरत असतानाच करून घ्यायचा, कारण सुई टोचण्याजोगा व्हायला दीड ते तीन महिने लागतात. ज्या हातानं काम करत नाही तो हात निवडतात. चौथ्या टप्प्यापासूनच त्या हाताच्या कोपरापर्यंतच्या शिरा जपायच्या, रक्त तळहाताच्या मागच्या बाजूनं काढायला सांगायचं. झाल्यावर त्या हातात सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, घट्ट बांगड्या नाहीत, भाऱ्याचं ओझं नाही, उशाला घेऊन झोपणं नाही. रोज सकाळी बोट ठेवून थरथर लागते का बघायचं. थांबली असेल तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशी नव्हे. ऐनवेळी मानेत घातलेल्या नळीवर महिनोन्‌महिने काढणाऱ्यांना थंडी वाजून ताप येतो, तो जंतुसंसर्ग असतो, मलेरिया समजून गोळी खाऊ नये. हिपॅटायटिस बीची लस दुप्पट मात्रेत चारदा घ्यावी लागते, तीही डायलिसिसच्या आधी घेतली तर चांगली लागू पडते.

पैशांपायी हे काही अडू नये. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून चालतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड, आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायचं किंवा १५५३८८ वर फोन करायचा. किडनी बसवण्याची सोय नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आणि अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात आहे. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव लावावं लागतं. जिवंत दाता आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं यांपैकी असला तर परवानगी सरळ मिळते. पूर्ण तपासणीत निरोगी ठरलेला माणूस एका किडनीवर शेती करू शकतो. आणि घेणाऱ्याला गोळ्या जन्मभर, एक दिवसही खंड न पडता.

'समजलं का?' विचारू नका

या प्रश्नाला आपल्याकडे 'हो' हेच उत्तर असतं, डॉक्टरसमोर तर नक्कीच. त्याऐवजी असं विचारावं: घरी गेल्यावर बाईंना काय सांगाल? कंबर दुखली तर मेडिकलवाल्याला काय मागाल? जुलाब लागले तर यातल्या कोणत्या गोळ्या थांबवाल? बीपी नॉर्मल आली तर काय कराल? पुन्हा कधी आणि कोणती तपासणी? उत्तर चुकलं तर सांगणाऱ्यानं दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगायचं आणि पुन्हा विचारायचं. पाच मिनिटं जातात. आशाताई, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, डायलिसिसचे तंत्रज्ञ, कुणीही हे करू शकतं. डायलिसिसच्या खुर्चीवर तर माणूस चार तास बसूनच असतो.

खोलीत कोण आहे हेही बघावं. फाइल पोरगा धरतो, स्वयंपाक सून करते, गोळ्या आजी काढून देते आणि आजार आजोबांचा. चौघांपैकी एकालाच सांगून भागत नाही. बरेचदा घरचे रुग्णापासूनच लपवतात, 'घाबरून जाईल' म्हणून. मग तो शेजाऱ्यानं दिलेली दुखण्याची गोळी निर्धास्तपणे घेतो. त्याला स्पष्ट सांगा, त्याच्या बोलीत सांगा.

एक शंभर पानी वही करा. पहिल्या पानावर आजाराचं कारण, टप्पा, फिस्टुलाचा हात आणि 'दुखण्याच्या गोळ्या-इंजेक्शन नको, सलाईन विचारून' एवढं मोठ्या अक्षरात. पुढे तारखेनुसार सात रकाने: बीपी, वजन, क्रिएटिनीन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रोटीन. रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये द्या, कारण दोन लॅबमधल्या १.८ आणि २.० च्या फरकाला काही अर्थ नसतो. ही वही दवाखान्यातच नाही, मेडिकलच्या काउंटरवरही न्यायची.